गोधडीच्या साहित्याची खरेदी : मोल आणि गुण यांचा मेळ

(इयत्ता ५ वी ते ७ वी : हस्तव्यवसाय व व्यवहारी गणित यांचा संयुक्त पाठ)

लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या भागांत आषाढ-श्रावणाच्या दिवसांत ओल भिंतींत मुरते, अंथरूण-पांघरूण दमट राहते आणि रात्री अंगावर काहीतरी उबदार घेतल्यावाचून झोप येत नाही. अशा वेळी तान्ह्या मुलास आणि घरातील वृद्धांस जी वस्तू ऊब देते, ती म्हणजे गोधडी. काही ठिकाणी तिला वाकळ म्हणतात, बाळासाठी शिवलेल्या लहान गोधडीस दुपटे म्हणतात. नावे निराळी असली तरी रीत एकच आहे. जुनी लुगडी, धोतरे, पातळे यांचे पदर एकावर एक पसरावयाचे, कडा आत मुडपावयाच्या आणि धावदोऱ्याने कडेपासून मध्याकडे अथवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवीत जावयाचे.

हस्तव्यवसायाच्या तासासाठी गोधडीसारखा दुसरा सोयीचा विषय सापडणे कठीण. कापड घरचे असते, यंत्राची गरज नसते आणि तयार झालेली वस्तू घरी उपयोगी पडते. उत्पादक हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे हा विचार १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यास अभ्यासक्रमाचे रूप दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ६ वी ते ८ वीच्या मुलांना स्थानिक कारागिरीचा प्रत्यक्ष परिचय व्हावा, त्यासाठी दप्तराविना दहा दिवस ठेवावेत, असे म्हटले आहे. परंतु शाळाशाळांतून बहुधा असे घडते की, शिवण्याचे काम मुले करतात आणि साहित्याची खरेदी मात्र शिक्षक उरकून टाकतात. वास्तविक खरेदी हाच या उद्योगातील अर्धा धडा होय. काय घ्यावे, कोठे चार पैसे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, हा विवेक मुलांना पुढे जन्मभर लागणार आहे. प्रस्तुत पाठ त्या विवेकाचा आहे.

पाठाचा हेतू

मुलांच्या मनावर एकच गोष्ट ठसावी. वस्तूची खरी किंमत दुकानदारास दिलेल्या रुपयांवरून कळत नाही. ती वस्तू किती दिवस टिकते आणि तिच्यामुळे दुसऱ्या कोणत्या वस्तूचे रक्षण वा नुकसान होते, हे पाहिल्यावरच ती कळते.

प्रस्तावना

शिक्षकाने वर्गात एक जुने, स्वच्छ धुतलेले नऊवारी लुगडे आणावे. त्याच्या शेजारी दोऱ्याचे एक रीळ, दोन सुया, अंगुस्तान, कात्री, खडू आणि साबणाची झिजलेली वडी मांडावी. मग प्रश्न विचारावा : “मुलांनो, यांतील सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती?” बहुतेक मुले कात्रीकडे बोट दाखवतील. कोणी दोरा म्हणेल. लुगडे कोणीच म्हणणार नाही, कारण ते फुकट मिळालेले आहे.

येथे शिक्षकाने पुढील प्रश्न विचारावेत. कात्री मोडली तर दुसरी कोठे मिळेल? दुकानात. दोरा संपला तर? दुकानात. आणि हे लुगडे फाटले तर? वर्ग क्षणभर गप्प राहील. एखाद्या मुलीच्या आजीने ते लुगडे वीस वर्षे नेसलेले असेल, त्यातच गुंडाळून तिने नातवंडांना निजवले असेल. ते लुगडे कोणत्याही पेठेत विकत मिळणार नाही. ज्याला किंमत नाही असे वाटले, त्याचेच मोल सर्वांत अधिक ठरले. मुलांना हे उमगले की पाठाचा पाया घातला गेला असे समजावे. यापुढे प्रत्येक वस्तू घेताना एकच प्रश्न विचारावयाचा : ही वस्तू या लुगड्याचे काय करील?

विषयप्रतिपादन

१. दोरा. गोधडीच्या खरेदीत चूक होते ती प्रामुख्याने येथे. स्वस्त, विसविशीत पिळाचा दोरा घेतला तर शिवतानाच तो पिंजतो आणि गोधडी पहिल्यांदा दगडावर धोपटताच टाके सुटू लागतात. नवरात्रापूर्वी घरोघर अंथरुणे-पांघरुणे धुण्याची चाल आहे. ओल्या गोधडीचे वजन किती होते, हे ज्याने ती नदीवर पिळली आहे त्यास सांगावे लागत नाही. तो सारा भार दोऱ्यावर येतो.

म्हणून सर्वांत मजबूत दोरा घ्यावा काय? येथेही सावध राहावे. पॉलिएस्टरचा पक्का दोरा सहसा तुटत नाही, हे खरे. परंतु वापरून मऊ व विरविरीत झालेल्या सुती कापडात तो बसला, तर ताण येताच दोरा तसाच राहतो आणि कापड कापले जाते. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो, कापलेले लुगडे मात्र पहिल्यासारखे होत नाही. यास्तव जुन्या सुती कापडास चांगल्या पिळाचा, मध्यम जाडीचा सुती दोराच योग्य. दोरा कापडाहून किंचित हलका असावा, हा नियम मुलांना लिहून घ्यावयास सांगावा. सर्वांत स्वस्त तो वाईट आणि सर्वांत पक्का तोच चांगला, असा सरसकट हिशेब येथे चालत नाही. कामास जुळतो तो चांगला.

दोऱ्याची परीक्षा दुकानातच करता येते. हातभर दोरा उजेडासमोर धरून पाहावा. त्यावर गाठी वा लव जास्त दिसली तर तो घेऊ नये. दोन्ही हातांनी ओढून पाहावा, तो एका झटक्यासरशी तुटू नये. रंगीत दोरा असेल, विशेषतः लाल, तर वीतभर तुकडा भिजवून पांढऱ्या चिंधीवर चोळावा. चिंधीस रंग लागला तर तोच रंग उद्या साऱ्या गोधडीस लागेल. दोरा सुती आहे की नाही याची शंका असल्यास शिक्षकाने स्वतः, मुलांना दूर ठेवून, लहानसा तुकडा जाळून दाखवावा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो.

रिळावरील अंकाचा अर्थही सांगावा. सुती धाग्याच्या इंग्रजी अंकपद्धतीत एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या धाग्याचा अंक असतो. म्हणून अंक मोठा तो धागा बारीक. टेक्स पद्धतीत मात्र १,००० मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये सांगतात, म्हणून तेथे अंक मोठा तो धागा जाड. कोणती पद्धत आहे हे न पाहता केवळ अंक वाचला तर फसगत होते.

२. सुई. सुई ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि तिच्यात काटकसर करणे सर्वांत महाग पडते. हलक्या सुईचे नेढे आतून खरबरीत असते. तेथे दोरा प्रत्येक टाक्याला घासून पिंजतो आणि दोष मात्र दोऱ्यास दिला जातो. दोरा ओवून नेढ्यातून पाच-सात वेळा मागे-पुढे ओढावा. तो पिंजला तर सुई परत करावी. सुई पाटीवर ठेवून बोटाने लोटावी. सरळ असेल तर ती सहज घरंगळेल, वाकडी असेल तर अडखळेल. हाताने शिवावयाच्या सुयांतही अंक मोठा ती सुई बारीक असते. चार पदरांतून जाणारी, पण जुन्या कापडास मोठे भोक न पाडणारी मध्यम सुई घ्यावी. दाभणाचा उपयोग गोणपाटास होतो, गोधडीस नव्हे.

मावळच्या हवेत सुया लवकर गंजतात, आणि गंजलेली सुई कापडावर न जाणारा डाग पाडते. सुया झाकणाच्या डबीत, खडूच्या कोरड्या तुकड्यासह ठेवाव्यात. खडू थोडीफार ओल शोषून घेतो. अधूनमधून तो उन्हात तापवून पुन्हा डबीत टाकावा. जी वस्तू नीट जपली जाते ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही, हाही काटकसरीचाच भाग होय.

३. कात्री. वर्गास एक चांगली कात्री पुरते. ती मुलांच्या हातात जाणार असल्याने टोके बोथट असावीत, पण पाती धारदार असावीत. कात्रीने पातळ कापडाची चिंधी टोकापर्यंत कापून पाहावी. शेवटी कापड चावले गेले तर पाती नीट जुळत नाहीत असे समजावे. दोन पाती रिव्हेटने जखडलेली असण्यापेक्षा स्क्रूने जोडलेली असावीत, म्हणजे सैल झाल्यावर आवळता येतात. उत्तर प्रदेशातील मेरठ येथे मोटारींच्या जुन्या पोलादी पाट्यांपासून कात्र्या घडवतात, आणि २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. अशा कात्रीस पुनःपुन्हा धार लावता येते, हा तिचा मोठा गुण. हस्तव्यवसायाच्या कात्रीने कागद कापू नये, कागदाने धार लवकर जाते.

४. अंगुस्तान. ते मुलांच्या बोटात बसेल असे असावे. मोठे अंगुस्तान बोटावरून घसरते आणि मग मूल ते काढून ठेवते. सुई टोचून बोटास जखम झाली तर वाचवलेल्या रुपयांचा काय उपयोग? हातास इजा होऊ नये म्हणून जे लागते, तेथे किंमत पाहून मागे हटू नये.

५. जेथे पैसे वाचवावेत. कापडावर रेघा आखण्यास पाटीवरचा खडू अथवा साबणाची झिजलेली वडी पुरते. शिंपीही साबणाच्या वडीनेच आखणी करतात. शाळेची फूटपट्टी चालते. पदर सरकू नयेत म्हणून टाचण्यांऐवजी लांब कच्चे टाके घालावेत. त्यासाठी उरलासुरला, हलका दोरा उत्तम, कारण तो शेवटी उसवून टाकावयाचा असतो. शहरांतील दुकानांत फिरत्या पात्याची सुरी, ती चालवण्याची चटई, कापड ताणून धरण्याच्या चौकटी इत्यादी साहित्य मिळते. ज्यांना नव्या कापडाचे शेकडो सारखे तुकडे कापावयाचे असतात त्यांना त्याचा उपयोग आहे. जमिनीवर पसरून शिवल्या जाणाऱ्या आपल्या गोधडीस त्याचे काम नाही. तेथे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत व्हावयाची.

६. कापड. जुने कापड उन्हासमोर धरून पाहावे. विरलेला भाग आतल्या पदरांत घालावा, धड भाग वर-खाली ठेवावा. काठासाठी वा ठिगळासाठी नवे सुती कापड घेतले तर ते आधी धुवून वाळवावे. नवे कापड धुतल्यावर आटते, जुने आटून चुकलेले असते, आणि दोन्ही तशीच एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यात गोधडीस चुण्या पडतात. मुलांनी नव्या कापडावर धुण्यापूर्वी ५० सेंटिमीटरांची खूण करावी आणि वाळल्यावर पुन्हा मोजावी. हा लहानसा प्रयोग पुस्तकातील उदाहरणापेक्षा अधिक लक्षात राहतो. पदर चारांहून अधिक घेण्याचा मोहही आवरावा. पावसाळ्यात जाड गोधडी आतून वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो.

उपयोजन : हिशेब

पहिला हिशेब गरजेचा. नऊ वारांचे लुगडे म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की सुमारे २ मीटर लांबीची चौपदरी गोधडी होते. रुंदी १.१ मीटर धरावी. दोन ओळींत २.५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर ११० भागिले २.५ म्हणजे ४४ ओळी होतात. प्रत्येक ओळ २ मीटरची, म्हणून ८८ मीटर. टाक्यांची वरखाली, गाठी व वाया जाणारी टोके यांसाठी चौथा हिस्सा, म्हणजे २२ मीटर, अधिक धरावा. एकूण ११० मीटर एकेरी दोरा लागेल.

दुसरा हिशेब दराचा. समजा, एका रिळाची किंमत २० रुपये असून त्यावर १०० मीटर दोरा आहे, आणि दुसऱ्याची ३६ रुपये असून त्यावर २०० मीटर आहे. प्रथमदर्शनी पहिले स्वस्त वाटते. परंतु १०० मीटरांस पहिल्याचा दर २० रुपये आणि दुसऱ्याचा १८ रुपये पडतो. शिवाय गोधडीस ११० मीटर हवे असल्याने पहिले रीळ १० मीटर अपुरे पडून दुसरे आणावे लागेल आणि खर्च ४० रुपये होईल. पुन्हा आणलेल्या दोऱ्याचा रंग जुळेलच असेही नाही. लोणावळ्याच्या चिक्कीचे उदाहरण मुलांच्या परिचयाचे असते. सारख्याच आकाराच्या दिसणाऱ्या दोन खोक्यांतील वजन निराळे असू शकते. म्हणून खोक्याचा आकार न पाहता त्यावर छापलेले निव्वळ वजन वाचावे, तद्वत् रीळ किती फुगीर दिसते हे न पाहता त्यावरील मीटर वाचावेत. वैधमापन कायदा, २००९ आणि त्याखालील नियमांनुसार वेष्टनबंद मालावर निव्वळ परिमाण व सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणे आवश्यक आहे. ती वाचणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि सवयही असावी.

तिसरा हिशेब टिकाऊपणाचा. समजा, ६० रुपयांची कात्री वर्षभर टिकते आणि तिला धार लागत नाही. २४० रुपयांची कात्री आठ वर्षे टिकते आणि पहिले वर्ष सोडून दरवर्षी धार लावण्यास २० रुपये पडतात. आठ वर्षांत पहिल्या प्रकारच्या कात्र्यांस ४८० रुपये लागतील. दुसरीस २४० अधिक १४० मिळून ३८० रुपये. येथे महाग तीच स्वस्त ठरली. परंतु शिक्षकाने लगेच उलट प्रश्नही विचारावा : जर ही कात्री दोन वर्षांतच हरवली तर? तर स्वस्त कात्रीच परवडली असती. म्हणजे चांगली वस्तू घेणाऱ्याने ती जपण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

चौथा हिशेब जाण्यायेण्याचा. पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत घाऊक भावाने माल मिळतो, आणि लोणावळ्याहून पुण्यास लोकलगाडीही आहे. परंतु एका रिळासाठी पुण्यास जाणे शहाणपणाचे नाही. मुलांनी गावातील दुकान, आठवड्याचा बाजार आणि पुणे या तिन्ही ठिकाणचे भाव मिळवावेत, त्यांत प्रवासखर्च मिळवावा आणि किती रिळे एकदम घेतली तर पुण्याची फेरी परवडेल हे काढावे. तीन-चार शाळांनी मिळून खरेदी केली तर उत्तर बदलते, हेही त्यांच्या ध्यानी येईल.

उजळणी

या पाठाच्या शेवटी गावातील एखाद्या जाणत्या आजींना वर्गात बोलवावे. गुरुजींनी वा बाईंनी त्यांना मानाने बसवून दोन-तीन निरनिराळे दोरे त्यांच्या हाती द्यावेत आणि मुलांना विचारू द्यावे : “आजी, यातला कोणता घ्यावा?” त्या दोरा दातांत धरतील, बोटांवर पिळतील आणि निवड सांगतील. त्यांनी अंकपद्धत शिकलेली नसेल, परंतु बोटांनी केलेली त्यांची परीक्षा आणि मुलांनी वहीत केलेला हिशेब बहुधा एकाच रिळापाशी येऊन थांबतील. जेथे थांबणार नाहीत तेथे कारण शोधावे. दोहोंपैकी एक काहीतरी पाहत आहे जे दुसऱ्याच्या नजरेतून सुटले आहे, आणि ते शोधणे हेच शिक्षण होय. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. ज्या कलेवर ग्रंथ लिहावा लागतो तिच्या जाणकार आपल्या गावातच बसल्या आहेत, हे मुलांना कळावे.

स्वाध्याय

१. १ मीटर लांब व ८० सेंटिमीटर रुंद दुपट्यास, ओळींत २.५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास, किती मीटर दोरा लागेल? चौथा हिस्सा अधिक धरा. (उत्तर : ४० मीटर)

२. घरातील एका गोधडीचे निरीक्षण करा. प्रथम काय सुटले आहे, दोरा की कापड? त्यावरून दोऱ्याविषयी काय सांगता येईल?

३. साहित्याची यादी करून तिचे तीन भाग पाडा : गोधडीत कायम राहणारे, हातास वा कापडास इजा करू शकणारे, वापरून टाकून द्यावयाचे. कोणत्या भागात काटकसर चालेल ते कारणासह लिहा.

शिक्षकांसाठी सूचना

खरेदीची पावती अवश्य घ्यावी आणि हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांकडूनच वाचून घ्यावा. कोणत्याही मुलाने घरून कापड आणलेच पाहिजे अशी सक्ती करू नये. ज्याच्या घरी जुनी वस्त्रे अजून अंगावर वापरात आहेत, त्याच्यापुढे हा प्रश्न उभा करू नये. वर्गाची गोधडी एकच असावी आणि ती पुरी झाल्यावर ज्या घरी नुकतेच बाळ जन्मले असेल अथवा जेथे तिची खरी गरज असेल तेथे ती द्यावी.

बाजारात तयार पांघरुणे भरपूर मिळतात आणि ती घेणाऱ्यांस नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु आईच्या वा आजीच्या लुगड्याला आणखी पंधरा वर्षांचे आयुष्य देणे हे केवळ गोधडीनेच साधते. ते आयुष्य एका रिळाच्या निवडीवर अवलंबून असते. दुकानाच्या फळीपाशी उभे राहून मुलाने रीळ उजेडासमोर धरले, मीटर वाचले आणि मगच पैसे पुढे केले, तर पाठ पुरा झाला असे शिक्षकांनी समजावे.